शिदूआप्पाची मान

आमच्या निमोण्यात रामराम फुकट मिळायचा, एकट्या शिदूआप्पाचा सोडून. तुम्ही समोरून आलात आणि "रामराम आप्पा" म्हणालात की तो आधी थांबायचा. काठी बगलेत धरायचा. मग डोळे बारीक करून तुम्हाला पायाच्या नखापासून टोपीपर्यंत असा बघायचा, की बाजारात मेंढरू घेणारं गिऱ्हाईकही तसं बघत नसेल. एवढ्यात तुम्ही कुणाचं काही वाईट केलंय का, ते तो मनातल्या मनात तपासायचा. पास झालात तर रामराम. नापास झालात तर नुसतं "हां" म्हणून पुढं चालायला लागायचा. आणि ते 'हां' असं असायचं की चांगला मिशीवाला गडी घरी जाऊन बायकोला विचारायचा, "अगं, माझं कुठं काय चुकलंय का?"

गावात ह्याला 'रामराम बंद होणं' म्हणायचे. लाइट गेली तर उद्या-परवा येते, पण आप्पाचा रामराम गेला की खांबच पडला समजा.

एका सरपंचानं सगळ्यांसाठी मंजूर झालेला नळ हळूच आपल्या दारापुढं बसवून घेतला. सगळं गाव कुजबुजलं, पण समोर कुणी बोललं नाही. आप्पाही बोलला नाही. त्यानं फक्त रामराम बंद केला. सरपंचानं भर चावडीवर गाठून विचारलं, "आप्पा, मी सरपंच हाय. गावात मला समदी वाकून रामराम करत्यात."

"करू द्या की. ती त्यांची मान हाय," आप्पा म्हणाला. "ही माझी हाय. मी भाड्यानं देत न्हाई."

नळ शेवटी चावडीपुढं आला. सरपंच सांगायचा की पाइप तिकडून जवळ पडतो म्हणून आणला. पडत असेल.

आप्पाचा मुलगा बापू रांजणगावच्या एका कंपनीत लागला. नवीनच वसाहत होती, कंपनीची बस पोरांना न्यायला फाट्यावर यायची. बापूच्या लग्नाला कंपनीचा मॅनेजर आला, मोटारीतून, पांढरा सफारी घालून. अख्खा मांडव उठून उभा राहिला. नवरदेवही बाशिंग सावरत उठला. आप्पा बसून राहिला आणि अक्षता घेतलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बापूला म्हणाला, "ह्योच का रं त्यो? तुझी आय दवाखान्यात असताना सुट्टी न दिल्याला?"

बापूला फुटलेला घाम हळद धुऊन गेला. मॅनेजर पुण्याचा असला तरी माणूस बरा होता. तो हात जोडून पुढं आला. आप्पानं त्याला नखापासून केसापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "हां." बापू सांगतो की त्यानंतर वर्षभर मॅनेजर त्याला विचारायचा, "वडील काय म्हणतात?"

माणसं सोडा, त्यानं देवाचाही रामराम बंद केला होता. एका साली गारा पडल्या आणि त्याची कोकरं मेली. तेव्हापासून तो बिरोबाच्या देवळावरून जाताना मान दुसरीकडं करायचा. पुजारी घाबरला. "आप्पा, देव कोपंल."

"कोपू दे. मी बी कोपलोय. बघू कोण आधी दमतंय."

पुढच्या साली कळप चांगला वाढला. एका रविवारी आप्पा देवळात गेला, नारळ फोडला, बाहेर येऊन पायरीवर बसला आणि पुजाऱ्याला म्हणाला, "सुधारला."

माझाही रामराम एकदा बंद झाला होता. माझा आणि त्याचा बांध एकच. मी नांगरट करताना बांध हातभर त्याच्याकडं सरकवला, असं त्याचं म्हणणं. मी सरकवला नव्हता. बांध पहिल्यापासून तिथंच होता आणि मी आजही तेच म्हणतो. शेवटी सरकारी मोजणी झाली. बांध होता तिथं निघाला. आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "गणपा, रामराम. कालचा बी घे, परवाचा बी घे, समदे घे." असं म्हणून उभ्या उभ्या दहा-बारा रामराम मोजून दिले, तेव्हा गेला.

आता एवढा कडक माणूस कशानं झाला, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आप्पाला हिराबाई नावाची धाकटी बहीण होती. तिला दौंडकडच्या एका गावात दिली होती. नवऱ्याला दुसरी करायची होती, म्हणून त्यानं हिरीवर नको तो आळ घेतला. सोयऱ्यांची बैठक बसली. हिरी मधे उभी. तिथल्या म्हाताऱ्यांनी शिदूला विचारलं, "तू भाऊ. तुझं काय म्हणणं?" तेव्हा शिदू विशीतला पोरगा होता. चुलत्यानं येतानाच दम भरलेला, की तोंड उघडशील तर उरलेल्या बहिणींची लग्नं व्हायची नाहीत. हिरी भावाकडं बघत राहिली. शिदूनं मान खाली घातली. झालं. न्याय झाला. आळ खरा ठरला.

हिरी माहेरी आली नाही. तिथनं जी निघाली ती दौंडला गेली, एकटी. पुढं एका टॉकीजच्या दाराशी शेंगदाणे-फुटाण्याची पाटी घेऊन बसायला लागली आणि तिथंच केस पांढरे केले. आप्पा दर भाऊबीजेला मला दौंडला पाठवायचा. मी निरोप सांगायचा की भाऊ बोलावतोय. ती मला चहा पाजायची, निमोण्यातल्या एकूण एक माणसाची खुशाली विचारायची, आणि भावाचं नाव निघालं की म्हणायची, "मला भाऊ न्हाई. तू आलास, बरं वाटलं." मी परत यायचो. आप्पा फाट्यावर उभा असायचा. माझ्या तोंडाकडं बघायचा आणि काही न विचारता चालायला लागायचा.

लोक म्हणतात, त्या बैठकीपासून आप्पा असा झाला. मी लहानपणापासून त्याच्याबरोबर मेंढरं राखलीत. तो पहिल्यापासून असाच होता. त्या एका दिवशी चुकला, एवढंच.

तर एका हिवाळ्यात घोडनदीच्या काठाला शिणुमावाले आले. प्लायवुडचा राजवाडा उभा केला. पुढून बघितला तर डोळे दिपायचे आणि मागून बघितला तर बांबू. ऐतिहासिक शिणुमा होता. राजाच्या दरबाराला म्हातारी, मिशीवाली माणसं पाहिजे होती. निमोण्यातली आणि कवठे येमाईची मिळून बरीच निवडली. मला बघताच घेतलं. माझी उंची आणि नाक दोन्ही दरबारी आहे, असं तिथल्या मेकअपवाल्यानंच सांगितलं.

आप्पा असल्या भानगडीत पडणार नाही, असं मला वाटलं होतं. पण तो स्वतःहून आला. रस्त्यात मला हळूच म्हणाला, "गणपा, ह्यो शिणुमा दौंडला लागंल का रं?"

"लागंल की. मोठा शिणुमा हाय."

"हिरी टॉकीजच्या दारातच बसती. दारवान तिला फुकट सोडतो म्हणालास ना तू?"

"एक शिणुमा चुकवत न्हाई ती."

आप्पानं चालता चालता मिशी सारखी केली. मग म्हणाला, "माझ्या तोंडाकडं ती बघायची न्हाई. पण पडद्यावर आलो तर कुठं जाईल? बघावंच लागंल."

एवढ्यासाठी तो आला होता. आपलं तोंड बहिणीला एकदा दिसावं म्हणून.

आम्हाला अंगरखे दिले, पागोटी दिली. सगळ्यांना खोट्या मिशा चिकटवल्या. आप्पाच्या मिशीला मेकअपवाल्यानं नुसता हात लावून बघितला आणि म्हणाला, "ही राहू द्या." मुंबईचा एक गोरागोमटा पोरगा राजा झाला होता. मुकुट घालून सिगारेट ओढायचा. दिवाणाचं काम करणारा म्हातारा मात्र नाटकातला जुना नट. गुडघे धरलेले, पण आवाज असा की पोटात उतरायचा. त्याची आणि आप्पाची तंबाखूवर लगेच गट्टी जमली. त्याला आप्पानं रामरामही घातला, तपासायला फार वेळ न घेता.

आम्ही तिसऱ्या रांगेत. मी डावीकडं, माझ्या शेजारी आप्पा. भोंगा घेतलेला एक माणूस पुढं आला. "ऐका! महाराज बोलले की सगळ्यांनी कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, 'जशी आज्ञा महाराज!' सोपं आहे."

आप्पानं विचारलं, "म्हाराज बोलणार काय हायेत?"

"तुम्हाला काय करायचंय आप्पा? वाकायचं फक्त."

"अवो, न ऐकता कोण वाकतं?"

भोंगेवाल्यानं कपाळाला हात लावला. पण दिवाण हसायला लागला आणि म्हणाला, "सांगा हो, बरोबर विचारतायत." मग भोंगेवाल्यानं गोष्ट सांगितली. राजाला दुसरं लग्न करायचंय. म्हणून तो राणीवर खोटा आळ घेतो आणि भर दरबारात तिला हाकलतो. सगळा दरबार मान डोलावतो. एकटा दिवाण म्हणतो, मी ह्या हुकमावर शिक्का मारणार नाही, मला माझ्या मनाला तोंड दाखवायचंय. मग राजा दिवाणाचं डोकं उडवतो.

मी आप्पाकडं बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

"राणीनं केलंय काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. निर्दोष आहे."

"म्हंजी राजा चुकतोय."

"चुकतोयच! तीच तर गोष्ट आहे आप्पा!"

"मग आम्ही का वाकायचं?"

"घाबरून!"

"ह्यो गणपा घाबरंल," आप्पा म्हणाला. "मी कशाला?"

मी घाबरत नाही, हे सगळ्या शिरूर तालुक्याला माहीत आहे. पण ती वेळ वादाची नव्हती. 

काम सुरू झालं. राणी झालेली पोरगी मधे उभी राहिली. बारीकशी होती, काम चांगलं करत होती, डोळ्यांत पाणी आणून एकेका सरदाराकडं बघत होती. राजा बोलला. आम्ही सगळे वाकलो, वाऱ्यानं जोंधळा वाकावा तसे. आणि तिसऱ्या रांगेत शिदूआप्पा सरळ उभा.

"कट! अरे, कोण उभा आहे?"

पुन्हा. राणी रडली, राजा बोलला, जोंधळा वाकला, आप्पा उभा.

"कट!"

राजा मुकुट काढून डोकं खाजवायला लागला. "ये बुढ्ढा कौन है यार?"

मी वाकल्या वाकल्याच कुजबुजलो, "आप्पा, वाक की! हिरी बघणार हाय."

"म्हणूनच," आप्पा म्हणाला.

तिसऱ्या वेळी दिवाणच चिडला. "अहो आप्पा, ह्या दरबारात एकट्यानं ताठ उभं राहायचं काम माझं आहे. तुम्ही मागं असे उभे राहिलात तर लोक माझ्याकडं बघतील का तुमच्याकडं?"

मग डायरेक्टर स्वतः उठून आला. टोपीवाला, मऊ बोलणारा. आप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, हे खोटं आहे. ॲक्टिंग आहे. तुम्ही खरे थोडेच वाकताय?"

"मला कळतंय साहेब. मी येडा न्हाई," आप्पा म्हणाला. "पण दौंडला माझी भन हाय. ती बघणार. बाईला असं मधी उभं केलंय, समद्यांनी मान खाली घातलीया, आन् त्यात मी. तिनं ह्ये एकदा बघितलंय साहेब. परत कसं दावू?"

डायरेक्टरला सगळं कळलं नसेल, पण काहीतरी कळलं. तो म्हणाला, "बरं, मग तुम्ही त्या खांबाच्या मागं उभे राहा. तिथं वाकायला नको."

"तिथनं मी दिसंन का?"

"नाही दिसणार."

"आन् हितं?"

"इथं दिसाल. पण वाकावं लागेल."

आप्पा उभा राहिला. सगळा दरबार, राजा, कॅमेऱ्यावाले, चहावाला पोऱ्या, सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं एकदा राणीकडं बघितलं. मग पागोटं काढलं, अंगरखा उतरवला, नीट घडी केली, भोंगेवाल्याच्या हातात दिली आणि घोंगडं खांद्यावर टाकून नदीच्या कडेकडेनं निघून गेला. ऊन उतरायला लागलं होतं. भोंगेवाला ओरडला, "चला, चला, उजेड चाललाय!" आम्ही वाकलो. काम एका दमात झालं.

दुसऱ्या दिवशी बांधावर मी म्हणालो, "रामराम आप्पा."

"हां," आप्पा म्हणाला.

मला राग आला. "आरं, सोंग हुतं त्ये!"

"सोंग हुतं म्हणून तर! खऱ्या ठिकाणी ताठ ऱ्हायचं म्हंजी लई महाग पडतं गणपा, मला ठावं हाय. हितं फुकट मिळत हुतं. फुकटचं बी घेतलं न्हाईस."

ह्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण तोवर तो मेंढरांमागं गेला होता.

गावानं आप्पाला पुष्कळ चिडवलं. "काय आप्पा, समदं निमोणं शिणुमात, आन् तुमी तेवढं बाहेर!" तो मेंढरं हाकत पुढं जायचा. पण पुढच्या भाऊबीजेला त्यानं मला दौंडला पाठवलं नाही. मीच विचारलं तर म्हणाला, "काय सांगणार तिला? एक वाट हुती, ती बी मी बंद केली."

उन्हाळ्यात शिणुमा दौंडला लागला. मी इस्त्रीचं धोतर नेसून निघालो. यष्टीत बघतो तर पुढच्या बाकावर आप्पा. माझ्याशी बोलला नाही. कंडक्टरला मात्र मोठ्यानं सांगितलं, "दौंडला मेंढरांचं औषध आणाया चाललोय." तेच औषध शिरूरला मिळतं, हे कंडक्टरलाही माहीत होतं.

दौंडला उतरल्यावर तो टॉकीजच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं सायकलच्या दुकानापाशी थांबला. "तू जा. ज्या राजाला मी मान दिली न्हाई, त्याचं तिकीट काढायचं न्हाई," एवढंच बोलला.

हिराबाई दारातच होती, पाटीपुढं. मला बघताच म्हणाली, "आलास का दरबारी? बघितलं मी तुला. लई लवून वाकलायस."

"दिसतो ना चांगला?"

"नाक दिसतंय." मग तिनं पुड्या सारख्या केल्या, उगाच परत मोडल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "निमोण्याची समदी म्हातारी घेतली हुती म्हणं. रोज बघती मी. त्यो न्हाई कुठं."

मी तिला सगळं सांगितलं. जसं झालं तसं. 'म्हणूनच' म्हणाला तेही, आणि साहेबाला काय म्हणाला तेही. ती ऐकत होती. एक गिऱ्हाईक पैसे पुढं करून उभं होतं, ते कंटाळून निघून गेलं.

"आत चल," मी म्हणालो. "दाखवतो."

"काय दाखवतोस? त्यो तर न्हाई म्हणतोस."

"चल तर."

पाटी दारवानाकडं ठेवून ती आली. पंखे घरघरत होते. आम्ही पुढंच बसलो. राणी मधे आली, रडली, एकेकाकडं बघितलं. राजा बोलला. सगळा दरबार वाकला. पडदाभर पाठीच पाठी. पहिली रांग, दुसरी रांग. तिसऱ्या रांगेत मी. आणि माझ्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. आप्पा गेल्यावर उजेडाच्या घाईत ती कुणी भरलीच नव्हती. तिथून मागची भिंत सरळ दिसत होती.

"ती बघ," मी बोट केलं. "तिथं त्यो हुता."

हिराबाई पुढं सरकली. पडद्यावर काहीतरी दुसरं आलं, घोडे, मशाली. तिनं विचारलं, "परत न्हाई ना दिसायची?"

"आता न्हाई. एकदाच हाय."

"मग चल बाहेर," ती म्हणाली आणि उठलीच. दिवाणाचं पुढं काय झालं, ते तिला माहीत होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. पलीकडं आप्पा तसाच उभा होता, औषधाच्या रिकाम्या पिशवीची गुंडाळी करत. ती रस्ता ओलांडून गेली. मी अलीकडंच थांबलो. बहीण समोर आली तशी त्यानं मान खाली घातली. तिनं त्याच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि तोंड वर केलं, लहान पोराचं करतात तसं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मग तिनं वळून मला हाक मारली, "गणपादादा, चल. भाकरी टाकते. ह्येनं सकाळपासनं काय खाल्लेलं दिसत न्हाई."

तिच्या खोलीत आप्पा जेवला. पिठलं तिखट झालं होतं, त्यामुळं डोळ्यातून पाणी येतंय असं तो म्हणाला. आम्ही दोघांनीही ते मान्य केलं.

परतीच्या यष्टीत तो माझ्या शेजारी बसला. कुरकुंभकडून येणारी वाऱ्याची झळ लागत होती. भीमेचा पूल मागं पडला, तेव्हा कानाशी येऊन त्यानं विचारलं, "दिसत हुती का रं नीट?"

"काय?"

"जागा."

मी म्हणालो, "आप्पा, अख्ख्या दरबारात तेवढीच दिसत हुती."

तो खिडकीकडं तोंड करून बसला, ते न्हावरं येईपर्यंत.